राजकन्येच्या बालपणाचा कालपट कसा करावा

अप्पा बळवंत चौकातून २२ बाय २८ इंची कार्डशीट आणा, आडवी ठेवा. मधोमध ६० सेंमीची रेघ, वर्षाला ३ सेंमी.

स्पेनची लिओनोर घेतलीत, तर सुरुवात ३१ ऑक्टोबर २००५, माद्रिद. चूक हमखास होते ती २०१४ पाशी. जून महिन्यात आजोबा हुआन कार्लोस यांनी गादी सोडली, वडील फेलिपे राजे झाले, तेव्हा कुठे आठ वर्षांची ही ‘आस्तुरियासची राजकन्या’ (स्पेनच्या गादीच्या वारसाची पदवी) ठरली, जन्मतः नव्हे. तिथे जागा ऐसपैस ठेवा. २०२१-२३ वेल्सचं यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस) अटलांटिक कॉलेज (त्याचं भावंड आपल्या मुळशीत आहे, तेही लिहा). ऑगस्ट २०२३ मध्ये सारागोसाची लष्करी अकादमी. संविधानाची शपथ त्यानंतर, अठराव्या वाढदिवशी. क्रम उलटवू नका. नावं आधी पेन्सिलीनं.