हेडफोनच्या कुशनचे पापुद्रे निघतायत? घरी दुरुस्ती करताना या चुका टाळा

काळे पापुद्रे कानाला, मानेला, शर्टाच्या कॉलरला चिकटायला लागले की हेडफोन टाकून द्यावासा वाटतो. कृपा करून टाकू नका. वाजणारा भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो, गेलेली असते ती कानावरची गादी. ती घरी, थोडक्या पैशांत नीट होते. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. स्पीकर कानापासून किती अंतरावर राहणार आणि बाजूने हवा किती निसटणार, हे ही गादीच ठरवते. हे न पाहता केलेल्या दुरुस्तीत गादी मऊ होते आणि आवाज बिघडतो.

आता साल का निघते ते. स्वस्त असो वा महाग, बहुतेक हेडफोनवर खरं चामडं नसतं. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेला असतो. हवेतला ओलावा, घाम, केसांचं तेल आणि उष्णता यांनी तो हळूहळू तुटतो. त्यामुळे नाशिकचा पावसाळाभर कपाटात पडून राहिलेला हेडफोनही दिवाळीच्या साफसफाईत काढला की हातात पापुद्रे येतात, आणि पंचवटी एक्स्प्रेसने रोज अप-डाउन करणाऱ्याचा तर त्याहून लवकर जातो. एकदा थर सुटला की तेल, व्हॅसलिन, बुटाचं पॉलिश, काहीही चोळलं तरी तो परत बसत नाही. पॉलिश कानाला लागतं ते वेगळंच.

नेमकं काय गेलंय ते न बघता सुरुवात करणं

गादी अंगठ्याने दाबा आणि सोडा. फोम वर आला, तर फक्त साल गेली आहे आणि कव्हर घातलं की काम झालं. फोम दबलेलाच राहिला, किंवा हेडफोन घातल्यावर कानाची पाळी आतल्या जाळीला टेकत असेल, तर फोमच बसला आहे. त्यावर कितीही सुंदर कव्हर शिवलं तरी अर्ध्या तासात कान दुखणार.

कानावर नुसता टेकणारा छोटा स्पंजवाला हेडफोन असेल तर शिवत बसू नका. त्याचे स्पंज जोडीने आणि अगदी स्वस्तात मिळतात.

गादी ओढून काढणं

स्क्रूड्रायव्हर किंवा कात्रीचं टोक घालून गादी उचकटणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. स्पीकरच्या मागे ताकदवान लोहचुंबक असतं. ते लोखंडी टोक स्वतःकडे खेचतं आणि पुढचा पडदा असतो प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ फिल्मचा. त्याला भोक पडलं की घरी इलाज नाही. जुनं एटीएम कार्ड वापरा.

गादी तीन प्रकारे बसवलेली असते. काहींत मागच्या बाजूला पातळ झालर असते आणि ती कपच्या, म्हणजे स्पीकर बसवलेल्या वाटीच्या, खाचेत अडकवलेली असते. काहींत गादीला प्लॅस्टिकची रिंग असते आणि ती छोट्या खुंट्यांवर बसते. एका बाजूने सरळ उचललं की टक आवाज करून सुटते. काहींत चक्क डबल टेप असते. तिथे हेअर ड्रायर मंद ठेवून कडा कोमट करायची आणि कार्ड हळूहळू फिरवायचं.

झालरवाली गादी परत बसवताना लोक चारी बाजूंनी ताणतात आणि झालर फाटते. त्यापेक्षा एका ठिकाणी झालर खाचेत घाला, तिथे अंगठा दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताने गादी गोल फिरवत जा. उरलेली झालर आपोआप खाचेत शिरत जाते. शेवटचा इंचभर भाग कार्डाच्या कडेने आत सारा.

सुटलेली साल तशीच ठेवून वर कव्हर घालणं

आतली साल सुटतच राहते आणि कापडातून भुकटी बाहेर येते. म्हणून आधी ती पूर्ण काढा, तीही गादी हेडफोनपासून वेगळी करून, वर्तमानपत्रावर. कोरड्या खरखरीत टॉवेलने घासा आणि राहिलेले कण चिकटपट्टीने टिपून घ्या. खाली विणलेलं पातळ कापड लागेल, ते तसंच राहू द्या. फोमला तेच धरून ठेवतं. पाणी लावू नका. फोम पाणी पितो, आणि श्रावणात तो वाळता वाळत नाही, कुबट वास मात्र धरतो.

मिळेल तो गोंद लावणं

घरात फेविक्विक असतं म्हणून आपण तेच उचलतो. ते कडक होतं, मऊ गादी दाबली गेली की जोड तडकतो आणि त्याची वाफ आसपासच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी पुटं धरते. चपलेच्या गोंदातलं सॉल्व्हंट काही प्लॅस्टिक मऊ करतं. सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या वेळी गादी बदलायची झाली तर ती निघतच नाही. गोंदाशिवाय होणारी दुरुस्ती नेहमी आधी करून बघा. लागलीच तर पातळ डबल टेप पुरते, तीही फक्त कडेला. स्पीकरभोवती बारीक छिद्रं दिसतील, ती हवा जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात. तिथे टेप किंवा गोंद गेला तर आवाजाचा पोत बदलतो.

कापड चुकीचं निवडणं

सगळ्यात सोपं कव्हर जुन्या टी-शर्टचं. गादी ९ सेंमी रुंद आणि २ सेंमी जाड असेल, तर दोन्ही बाजूंच्या जाडीचे ४ आणि मागे दुमडायला ५ धरून १८ सेंमी व्यासाचा गोल कापा. कडेने धावदोरा घाला, गादी हेडफोनवर असतानाच कव्हर चढवा आणि दोरा गादीमागच्या खाचेत ओढून गाठ मारा. स्पीकरवर कापडाचा एकच पातळ थर येऊ द्या. टॉवेलसारखा जाड मोजा कापून घातला की आवाज गोधडीतून आल्यासारखा लागतो.

मात्र कापडातून हवा निसटते आणि हवा निसटली की बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, जातो. मे महिन्यात कापड सुखाचं, पण तबला, ढोलकी ऐकणाऱ्याला ते पटणार नाही. अशा वेळी बाजूची भिंत पातळ रेक्झीनची आणि कानाला टेकणारा भाग कापडाचा करा. गाडीचे सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे एवढं कात्रण सहज मिळतं.

नॉइज कॅन्सलेशनवाल्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट माइकच्या मदतीने कमी करणाऱ्या, हेडफोनला मात्र हा प्रयोग नको. त्यात बहुधा कपच्या आतही माइक असतो आणि गादी घट्ट बसली तरच त्याचा हिशोब जुळतो. त्या मॉडेलची तयार गादीच घ्या.

फोम अंदाजाने भरणं

कापूस भरू नका, त्याचे गोळे होतात. सोफा दुरुस्तीवाल्याकडचा तुकडा चालतो, पण सोफ्याचा कडक फोम नको. दाबल्यावर सावकाश वर येणारा मिळाला तर उत्तम. जाडी मूळ गादीइतकीच ठेवा. दुप्पट जाड घातला तर स्पीकर कानापासून लांब जातो आणि पट्टा डोकं आवळतो. कापायला धारदार ब्लेड घ्या, कात्रीने फोम दबून तिरका कापला जातो. आणि एकच बाजू खराब असली तरी दोन्ही बदला, नाहीतर गाणं एका कानाकडे झुकतं.

तयार गादी घ्यायची तर बसलेली जुनी गादी मोजू नका, ती पसरलेली असते. ती काढून कपची प्लेट मिलिमीटरमध्ये मोजा. अंडाकृती असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही. नाशिकच्या एम. जी. रोडच्या दुकानांत जाणार असाल तर हेडफोनच बरोबर न्या. फोटोवरून घेतलेली गादी अनेकदा परत करावी लागते.

बसवल्यावर आवाज बिघडला तर

बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही कप हातांनी कानावर हलके दाबा. बेस एकदम वाढला, तर कुठून तरी हवा निसटते आहे. खाच, झालर, दुमडलेलं कापड तपासा. चष्मा लावत असाल तर तो काढूनही एकदा ऐका. एका बाजूने खरखर येत असेल तर सालीचा कण किंवा केस पडद्याला लागलेला असू शकतो. कप पालथा धरून बाहेरून बोटाने टिचक्या मारा. फुंकर मारू नका, त्याने कण आणखी आत जातो.

डोक्यावरच्या पट्ट्याची साल गेली असेल तर त्यावर कापड गुंडाळून खालच्या बाजूने हाताने टाके घाला. एका कपाकडून दुसरीकडे जाणारी वायर अनेकदा याच पट्ट्यातून गेलेली असते. त्यामुळे सुई फक्त नव्या कापडातून काढा, पट्ट्यात खोल घालू नका.