कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरल्यावर: काय विचारावे, काय थांबवावे, घरात काय हलवावे

कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरली की घरात पहिली धावपळ पैशांची आणि रजेची होते. यादीतली पहिली नोंद मात्र वेगळी असायला हवी, असे स्वतः त्या टेबलावरून उतरल्यानंतर माझे मत झाले आहे: ही शस्त्रक्रिया पायासाठी आहे की कमरेसाठी, हे सर्जनला सरळ विचारावे आणि मिळालेले उत्तर एका वाक्यात, आपल्या अक्षरात, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आपल्याकडे ‘गॅप आली आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’ हे तिन्ही शब्दप्रयोग एकाच अर्थाने फिरतात, पण त्यांमागचे दुखणे वेगवेगळे असू शकते आणि शस्त्रक्रियेकडून काय मिळेल हेही त्यावरच ठरते. दोन मणक्यांमधल्या चकतीचा, म्हणजे त्या ‘गादी’चा, बाहेर आलेला तुकडा नसेवर दाबत असेल, तर तो काढल्यावर नितंबापासून पोटरीपर्यंत उतरणारी कळ बहुधा लवकर थांबते; कमरेतले जुने, बसल्या-वाकल्यावर ठणकणारे दुखणे मात्र त्याच शस्त्रक्रियेने जाईल, याची तेवढी खात्री कोणी देऊ शकत नाही. माझ्या वहीत ‘डाव्या पायातली कळ कमी करण्यासाठी, कमरेचे सांगता येत नाही’ असे वाक्य होते. ते वाचून सासूबाई नाराज झाल्या होत्या, पण तीन महिन्यांनी कंबर ठणकू लागल्यावर शस्त्रक्रिया फसली की काय, या शंकेचे उत्तर मला त्याच पानावर सापडले.

दुसरी नोंद वेळेची. ही शस्त्रक्रिया आत्ताच का, आणि आणखी दीड-दोन महिने थांबलो तर काय बिघडेल, हा प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला सर्जन रागावत नाही. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका, म्हणजे नस दबून पायात उतरणारी कळ, सोसलेल्या २८३ रुग्णांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया सुचवली होती आणि निम्म्यांना आधी औषधे व व्यायाम यांवर ठेवले होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे वाटत असल्याचे सांगत होते. अर्थात थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करावी लागलीच. थोडक्यात, लवकर आराम हवा की टेबल टाळण्याची संधी हवी, हा निर्णय बराचसा रुग्णाचा असतो, आणि तो एमआरआयच्या अहवालातले शब्द वाचून घाबरून घेऊ नये. पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आणि ८० टक्के लोकांच्या झिजलेल्या आढळल्या होत्या.

थांबण्याची ही मुभा सर्वांना नसते. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला किंवा पायातली शक्ती दिवसागणिक जाऊन पाऊल ओढत चालावे लागले, तर यादी बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. तेथे तासांचा हिशेब असतो.

जोखमीविषयी विचारायचे ते मोघम नको. ‘धोका किती?’ असे विचारले की ‘काळजी करू नका’ हेच उत्तर येते, म्हणून शस्त्रक्रियेचे नाव आधी लिहून घ्यावे. चकतीचा फक्त बाहेर आलेला तुकडा काढणार, नसांची अरुंद झालेली वाट मोकळी करणार, की स्क्रू आणि सळ्या बसवून दोन मणके सांधणार, यांतील जोखीम, खर्च आणि सावरण्याचा काळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मणके सांधायचे असतील तर ते कशासाठी, मणका पुढे सरकला आहे किंवा अस्थिर आहे म्हणून की आणखी कशासाठी, हे दोनदा विचारावे आणि उत्तर पटले नाही तर दुसऱ्या रुग्णालयातल्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मणक्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे अस्थिशल्यचिकित्सकही करतात आणि न्यूरोसर्जनही. एकाचे मत घेतले असल्यास दुसरे मत दुसऱ्या शाखेतल्या तज्ज्ञाकडून घेणे मला अधिक उपयोगी वाटले.

मग एकेका जोखमीचे नाव घेऊन विचारावे. नसांभोवतीचे पातळ आवरण फाटून आतले पाणी झिरपू शकते. ते बहुतेक वेळा त्याच टेबलावर शिवले जाते आणि त्यानंतर काही काळ पडून राहावे लागते. जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साध्या शस्त्रक्रियेत कमी असते, पण स्क्रू बसवल्यावर, मधुमेहात आणि स्थूलपणात ते वाढते. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणूनच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. नसेला इजा होऊन नवी कमजोरी येणे क्वचित घडते, पण घडते. चकती काढलेल्यांपैकी साधारण ५ ते १५ टक्के लोकांना त्याच जागी पुन्हा तुकडा बाहेर येण्याचा त्रास होतो, आणि सांधलेल्या मणक्यांबाबत हाडे न जुळण्याची किंवा वर्षांनंतर शेजारचा मणका झिजण्याची शक्यता उरते. या प्रत्येक बाबतीत ‘आपल्या स्वतःच्या रुग्णांत हे किती वेळा घडले?’ असे नम्रपणे विचारावे. रुग्णाला उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय, महत्त्वाच्या जोखमी आणि नकार दिल्यास होणारे परिणाम समजावून सांगितल्यावरच दिलेली संमती खरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. संमतिपत्र म्हणूनच भरती होण्याच्या सकाळी स्ट्रेचरवर बसून सही करण्याचा कागद नव्हे; ते दोन दिवस आधी मागून घ्यावे, मराठीत आहे का ते विचारावे आणि त्यात मणक्यांचे क्रमांक व बाजू अचूक आहे हे स्वतः वाचावे.

शरीराच्या तयारीत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तंबाखू आहे, आणि तंबाखू म्हणजे केवळ सिगारेट नव्हे. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी डॉक्टरांना ‘व्यसन काही नाही’ असे मनापासून सांगितले होते, कारण सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची मिश्री त्यांच्या लेखी व्यसनात बसतच नव्हती. मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू या सगळ्यांतून निकोटिन रक्तात जाते, जखम भरणे लांबते आणि सांधायची हाडे जुळण्यात अडथळा येतो. निदान चार आठवडे आधी हे थांबवावे आणि हाडे सांधली असतील तर नंतरही कित्येक महिने त्याकडे वळू नये. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. ती फार वाढलेली असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला मिळू शकतो आणि तो ऐकावा.

औषधांची यादी तोंडी सांगू नये, पाकिटांची पिशवीच सोबत न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काही पाच-सात दिवस आधी थांबवतात, परंतु हृदयात स्टेंट असेल तर त्या स्वतःहून थांबवणे जिवावर बेतू शकते, म्हणून हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, हे अनेकांना ठाऊकच नसते. काढे, चूर्णे आणि गुडघ्यांसाठी घेतलेले पूरक पदार्थही पिशवीत टाकावेत. अंगावर पुळी, दाताला पू, लघवीला जळजळ असे काहीही असेल तर लपवू नये, आणि कमरेवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण बारीक कापांतून जंतू शिरतात. उपाशी राहण्याबाबत एक गोष्ट ठळक लिहावी: दुधाचा चहा हा पाणी नव्हे, खाणे आहे. हलक्या खाण्यानंतर साधारण सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास असा नियम असतो. पहाटे प्रेमाने दिलेल्या अर्ध्या कप चहामुळे शस्त्रक्रियेचा क्रमांक मागे गेल्याचे मी शेजारच्याच खाटेवर पाहिले आहे.

पैशांचे थोडक्यात सांगते. मणक्याचे आजार अनेक विमा पॉलिसींत सुरुवातीच्या प्रतीक्षा काळात मोडतात, तो संपला आहे का ते पाहावे. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडल्यास इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. स्क्रू-सळ्यांची किंमत अंदाजपत्रकात वेगळी लिहून मागावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून भरतीच्या आधी विचारावे, नंतर नव्हे.

घराची तयारी मात्र सावकाश आणि खोलीगणिक करावी, कारण पुढचे सहा आठवडे वाकणे, वजन उचलणे आणि कमरेत पिळा देणे या तीन गोष्टी टाळायच्या असतात आणि आपले स्वयंपाकघर याच तीन गोष्टींवर चालते. माझी विळी मी स्वतःच माळ्यावर टाकायला दिली आणि भाजी ओट्यावर उभ्याने चिरायची सवय आधीच लावून घेतली. कुकर, पिठाचा डबा, तेलाचा कॅन हे कमरेच्या उंचीवर आणले, मोरीतली बादली स्टुलावर ठेवली आणि तांब्याच्या जोडीला लांब दांड्याचा मग दिला. भारतीय बैठकीचा संडास असेल तर खुर्चीचा कमोड विकत किंवा भाड्याने आणावा. पायपुसणी आणि सुटे गालिचे उचलावेत. पावसाळ्यात तर जिन्यापासून न्हाणीपर्यंत ओल असते. आम्ही कोपरखैरण्यात सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. भरतीच्या आदल्या आठवड्यात मी जिना मोजला: ५४ पायऱ्या, दोन वळणे, दुसऱ्या मजल्यावर कठडा हलणारा. कठडा दुरुस्त करून घेतला, प्रत्येक मजल्यावर एक प्लॅस्टिकची उंच खुर्ची ठेवण्याची शेजाऱ्यांना विनंती केली, आणि फिजिओथेरपिस्टकडून जिना चढण्याची रीत शस्त्रक्रियेआधीच शिकून घेतली. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातांच्या जोरावर एकसंध उठण्याचा सरावही आधीच करावा. टाके असताना तो नव्याने शिकणे अवघड जाते.

रुग्णालयापासून घरापर्यंतचा रस्ता हीसुद्धा यादीतली नोंद आहे. ठाण्याहून कळवा-विटाव्यामार्गे येणे जवळचे, पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचते आणि खड्डे चुकवताना गाडी हिसके देते, म्हणून आम्ही मुलुंड–ऐरोली पुलाचा लांबचा रस्ता घेतला. रिक्षा नको, गाडीच्या पुढच्या सीटची पाठ मागे कललेली असावी. सण जवळ असेल तर गणपतीत मांडी घालून बसणे जमणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

कामावर परतण्याचा अंदाज लेखी घ्यावा. चकतीच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर बैठे काम बहुधा दोन ते सहा आठवड्यांत सुरू होते, ओझ्याच्या कामाला तीन महिने लागू शकतात आणि मणके सांधल्यावर त्याहून अधिक. ठाणे–वाशी लोकलमध्ये गर्दीच्या वेळी उभे राहून जाणे हे बैठ्या कामात मोजू नये. घरी आल्यावर ताप, जखमेतून स्राव, उभे राहताच वाढणारी डोकेदुखी, पोटरीची सूज, धाप किंवा लघवीची अडचण यांपैकी काही झाले तर रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा, तो क्रमांक घरी निघण्यापूर्वी मागून फ्रिजवर चिकटवावा.

भरतीच्या आदल्या रात्रीचे एक काम सांगायचे राहिले. कोऱ्या कागदावर दोन्ही पायांची पुढून-मागून बाह्याकृती काढावी, कळ जाते तेथे निळ्या पेनाने आणि बधिरता आहे तेथे लाल पेनाने रेघा माराव्यात, खाली तारीख घालावी. कळ आधी जाते, शक्ती सावकाश परतते आणि बधिरता सर्वांत मागे रेंगाळते, कधी थोडी उरतेही; सहा आठवडे, तीन महिने आणि वर्ष झाल्यावर तसेच चित्र पुन्हा काढून प्रत्येक तपासणीच्या वेळी चारही कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावेत. माझ्या चौथ्या कागदावर निळी रेघ नाही. डाव्या अंगठ्याजवळ लाल रेघा अजून आहेत.