थँक्सगिव्हिंगच्या उरलेल्या टर्कीचं हलकं सूप
थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या सणाला भाजलेल्या टर्की पक्ष्याचा सांगाडा प्लीज कचऱ्यात टाकू नका, त्याचं इतकं मस्त सूप होतं! पण आधी, जेवणं झाली की गप्पांत रमायच्या आत मांस काढून पसरट डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाका, 2 तासांच्या वर बाहेर नकोच. हाडं, कांदा, गाजर, सेलरी, चार मिरे मंद आचेवर 3 तास उकळा, गाळून छोट्या भांड्यांत गार करून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी वर चरबीची पांढरट साय धरलेली असते ती चमच्याने अलगद काढली की खाली नुसता जेलीसारखा स्टॉक, म्हणजे हाडांचं सार. त्यात उरलेलं मांस, भाजलेलं रताळं, फरसबी. मीठ शेवटी चाखूनच घाला, टर्की बरेचदा मिठाच्या पाण्यात मुरवलेली असते. 3-4 दिवसांत संपवा नाहीतर फ्रीझर.