शाळेची ऑक्शन नाइट: या चुका टाळा

अमेरिकेतल्या सरकारी शाळांना कराचा पैसा मिळतो, तरी चित्रकलेची शिक्षिका, लायब्ररीतली मदतनीस, पाचवीचा सायन्स कॅम्प असले खर्च बऱ्याच ठिकाणी पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) गळ्यात पडतात. मग वसंतात एका शनिवारी संध्याकाळी फक्त मोठ्यांसाठी पार्टी ठेवायची: जेवण, वाइन आणि लिलाव. बे एरिया असो की न्यू जर्सी, या कमिट्यांवर आता मराठी आईबाबाही बरेच दिसतात. कामाला कोणी मागे हटत नाही. पण सगळी ताकद लागते वस्तू गोळा करण्यात आणि सजावटीत. पैसे जिथे खरोखर जमतात, ती मधली वीस-पंचवीस मिनिटं मात्र रामभरोसे सोडलेली असतात.

जितक्या वस्तू जास्त, तितके पैसे जास्त?

उलट होतं. सायलेंट ऑक्शनसाठी, म्हणजे टेबलावर मांडलेल्या वस्तूंवर कागदावर किंवा फोनवर बोली लिहायच्या लिलावासाठी, साधारण दोन पाहुण्यांमागे एक वस्तू पुरते. दीडशे माणसांसमोर दोनशे बास्केटी मांडल्या की प्रत्येकीवर एकच बोली पडते, तीही सुरुवातीच्या किमतीला. मेणबत्त्या, लोशन, कोणाकडून तरी आलेला वाइन ग्लासचा सेट हे सगळं तीन-चार चांगल्या बास्केटींमध्ये एकत्र करा. नाही जमलं तर सरळ बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त चुरस कशावर होते ते सांगते. शाळेच्या दारातली वर्षभराची राखीव पार्किंगची जागा, ग्रॅज्युएशनला पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या, एक दिवसाचं मुख्याध्यापकपद, वर्गशिक्षिकेबरोबर पिझ्झा. खर्च जवळपास शून्य, आणि दुकानात विकत मिळत नाही. याच जातीची आपली वस्तू म्हणजे कोणाच्या तरी घरचं दहा जणांचं मराठी जेवण: अळूवडी, मसालेभात, पुरणपोळी. हे जेवण एकाच माणसाला विकण्यापेक्षा माणशी दर ठरवून नावं लिहून घ्या. एकाची बोली थांबते तिथे दहा जणांची बेरीज पुढे निघून जाते. यजमानांनी तारीख आधीच ठरवून छापावी, 'नंतर बघू' म्हटलेली जेवणं होत नाहीत. हापूसची पेटी ठेवणार असाल तर पेटी नको, कूपन ठेवा. भारतातला आंबा २००७ पासून इथे यायला लागला खरा, पण विमानाने येणारा माल तुमच्या शनिवारी हजर असेलच असं नाही.

ट्रिप विकणाऱ्या कंपन्यांची पॅकेजेस जपून घ्या. 'विकलं नाही तर काही द्यायचं नाही' हे ऐकायला छान वाटतं, पण विकलं तर ठरलेली मूळ किंमत कंपनीची. समजा बोली तीन हजारांवर गेली आणि मूळ किंमत अडीच हजार असेल, तर शाळेला पाचशे मिळाले आणि एका पालकाचे तीन हजार संपले. पुढच्या फेरीत तो हात वर करणार नाही.

घड्याळ

आपल्या समारंभांची सवय अशी की सहा म्हणजे साडेसात, आणि जेवण शेवटी. ऑक्शन नाइटला हे चालत नाही, कारण हॉलमधल्या निम्म्या जोडप्यांच्या घरी बेबीसिटर ताशी दराने बसलेली असते. नऊ वाजले की लोक फोन बघायला लागतात, साडेनऊला कोट शोधतात. म्हणजे सहाला दार उघडायचं, सातच्या आत जेवण वाढायचं, सायलेंट ऑक्शन साडेसातला बंद करायचं आणि पावणेआठला लाइव्ह, म्हणजे स्टेजवरून पुकारायचा लिलाव, सुरू. सायलेंटची टेबलं लाइव्ह चालू असताना उघडी ठेवली तर लोक तिथेच घुटमळतात आणि स्टेजसमोर खुर्च्या रिकाम्या राहतात.

त्यात भाषणं. अध्यक्षांचं स्वागत, मुख्याध्यापकांचं मनोगत, प्रायोजकांचे आभार, मग मुलांचा स्लाइड शो: नमनालाच घडाभर तेल. दोन मिनिटांचं एक भाषण पुरे, तेही जेवताना. आभार कार्यक्रमपत्रिकेत छापा.

लाइव्हला सहा ते आठ वस्तू, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. बोली पुकारायला शाळेतले 'फार विनोदी' बाबा नकोत. ते विनोद करतात आणि बोली विसरतात. व्यावसायिक ऑक्शनियर परवडत नसेल तर आकडे तोंडावर असलेला, लोकांकडे पैसे मागायला न लाजणारा कोणीही चालेल. पैसे मात्र स्पीकरवर खर्च करा. मागच्या टेबलांना ऐकू आलं नाही की तिथे गप्पा सुरू होतात, आणि पाच मिनिटांत पुढच्यांनाही ऐकू येत नाही. बारची जागाही त्यासाठीच स्टेजपासून लांब, पण स्पीकरच्या टप्प्यात हवी.

आता पॅडल रेझ, म्हणजे पुकारलेल्या रकमेला आपल्या नंबराची पाटी (पॅडल) वर करणं. वस्तू काही नाही, नुसती देणगी, आणि चांगल्या चाललेल्या कार्यक्रमात बहुधा सगळ्यात मोठी रक्कम इथेच येते. तरी बरेच जण ती अगदी शेवटी ठेवतात. ती ठेवा लाइव्हच्या मध्यानंतर, सगळ्यात हवीहवीशी वस्तू अजून बाकी असताना. तिच्यासाठी थांबलेली माणसं खुर्चीत असतात.

दुसरी चूक खालून सुरुवात करण्याची. पन्नास डॉलरपासून वर जायला लागलात तर हजार देऊ शकणारा माणूस पन्नासलाच पॅडल उचलतो आणि समाधानाने ग्लास हातात घेतो. पाच हजारांपासून खाली या: अडीच हजार, हजार, पाचशे, अडीचशे, शंभर, पन्नास. पहिल्या आकड्याला हात वर करणारं कुटुंब आधीच फोन करून पक्कं करा, नाहीतर पहिल्याच आकड्याला शांतता पसरते आणि सगळ्यांचे हात आखडतात. प्रत्येक पायरीला पॅडलचे आकडे मोठ्याने वाचायचे, 'दोनशे बारा, थँक यू, एकशे सात, थँक यू', आणि दोन जणांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून घ्यायचे. एकानेच लिहिलं तर दुसऱ्या दिवशी वाद होतो. वाचून झाल्यावर लगेच खालच्या आकड्यावर उडी मारू नका. दहा सेकंद गप्प उभं राहणं अवघड जातं, पण कुठल्या तरी टेबलावर नवरा-बायकोची नजरानजर त्याच वेळात होत असते.

आणि मागणी एकच हवी, स्पष्ट. 'शाळेसाठी' म्हटलं की कोणी हलत नाही. 'एका मुलाचा सायन्स कॅम्प अमुक डॉलर' म्हटलं की हिशेब डोक्यात बसतो.

'आमचा शांत बसतो हो'

आपल्याकडे निमंत्रण म्हणजे सहकुटुंब सहपरिवार. त्यामुळे 'अडल्ट्स ओन्ली' एका कोपऱ्यात छापून भागत नाही. निमंत्रणात कारणासकट लिहा: दारू आहे, २१ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही. आणि दारावर एकालाही सूट देऊ नका, अध्यक्षांच्या मुलालाही नाही. मुलांचं काय करायचं हे मात्र आधी सुचवा. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक बेबीसिटर ठेवली की परवडतं. शाळेच्या जिममध्ये मुलं ठेवायचा विचार असेल तर विम्याचं आधी विचारा.

कागदपत्रं

तिकीट १२० डॉलरचं आणि जेवण ५० डॉलरचं असेल तर करसवलत ७० वरच. ७५ डॉलरच्या वरच्या अशा प्रत्येक रकमेसाठी ही फोड पीटीएने लेखी द्यावी, असा आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) नियम आहे. लिलावातही तसंच: २५० डॉलरची वस्तू ४०० ला घेतली तर देणगी १५०. म्हणून कॅटलॉगमध्ये बाजारभाव छापलेला हवा. दाताच्या डॉक्टरने मोफत ट्रीटमेंट दिली किंवा कोणी आपलं सुट्टीचं घर (केबिन) आठवडाभर दिलं, तर त्यांना त्या सेवेची किंवा वापराची वजावट मिळत नाही. हे त्यांना वस्तू मागतानाच सांगा, एप्रिलमध्ये टॅक्स भरताना नको. कंपनीकडून मॅचिंग (कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून कंपनीने घातलेली भर) बहुधा निव्वळ देणगीवर मिळतं, वस्तूच्या किमतीवर नाही. पॅडल रेझला हे जाहीर करा, आयटीवाल्यांच्या गावात फरक पडतो.

रॅफलला (तिकिटं विकून काढायच्या सोडतीला) प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात जमेपैकी किमान ९० टक्के धर्मादाय कामालाच जावी लागते, त्यामुळे निम्मी रक्कम विजेत्याला देणारी फिफ्टी-फिफ्टी तिथे बसत नाही. दारूचा एक दिवसाचा परवाना आणि त्याचा विमा या दोन्ही गोष्टी हॉल ठरवतानाच विचारा. सरकारी शाळेच्या आवारात दारू चालेल असं धरून चालू नका.

ऐन वेळी काही बिघडलं तर

मोबाइल बिडिंग अडकलं: हॉलचं वाय-फाय दोनशे फोन झेपेल असं क्वचितच असतं. छापील बोलीपत्रकं टेबलाखाली तयार ठेवा. त्यावर रकमा आधीच छापा, किमतीच्या ४० टक्क्यांपासून, साधारण दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी. रिकाम्या ओळी ठेवल्या की लोक दोन-दोन डॉलरने चढतात. जास्तीची पेनं ठेवा, ती गायब होतातच.

एखाद्या टेबलावर बोलीच नाही: वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी त्याच वस्तू माइकवरून सांगा. तरीही नाही, तर पुढच्या वर्षासाठी ठेवा, फुकापासरी देऊ नका.

चेकआउटला रांग लागली: कार्ड दारावरच, आत शिरताना नोंदवून घेतलं असतं तर लागली नसती. आता वस्तू देणारं आणि पैसे घेणारं टेबल वेगळं करा, आणि ज्यांना घाई आहे त्यांना सोमवारी ऑफिसमधून वस्तू न्यायला सांगा.