मोनॅस्कसचा लाल रंग: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

बुरशीपासून खाद्यरंग काढायचा विषय प्रोजेक्टला घेतलाय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे फोन मला पावसाळा लागला की येतात. रत्नागिरी, दापोली, सावंतवाडीकडची मुलं असतात. दारात फणस, जवळ भातगिरणी, त्यामुळे आठळ्या आणि कणी दोन्ही हाताशी. विषय चांगला आहे, जरूर घ्या. फक्त ह्यातली एक गोष्ट मी कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे, कारण तिने माझ्या वर्षाचा मोठा भाग खाल्ला आणि तुमचाही खाईल.

आधी सोपं ते उरकून घेते. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र), इनॉक्युलम (पेरायची बुरशी), स्पोअर (बीजाणू) मोजणं हे तुम्हाला येतं. मोनॅस्कस पर्प्युरिअस ही भातावर किंवा आठळ्यांवर वाढून लाल रंग देणारी बुरशी. तिला ३० अंशांच्या आसपासचं तापमान आणि साधारण ५० टक्के ओलावा मानवतो. सुरुवातीला पांढरे तंतू दिसतात, मग नारिंगी झाक येते, मग लाल. आठळ्यांवर हा रंग निघतो हे तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनी २००७ मध्येच छापलं आहे, त्यामुळे 'आठळीवर पहिल्यांदाच' असं प्रस्तावात लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतात.

पाण्याचं मात्र जपा. कणी भिजवून नीट निथळा. ऑटोक्लेव्हमधून बाहेर आलेला भात मोकळा हवा, पेजेसारखा झाला तर फेकून पुन्हा करा. आठवड्याने चिमट्याने एक दाणा उचलून ब्लेडने मधोमध कापून बघा. बाहेरून गर्द मरून आणि आत पांढरा ठिपका राहिला असेल तर हवा आत पोचलेली नाही, तंतू पृष्ठभागावरच अडले आहेत. फ्लास्क रोज हलवून ढेकळं मोडायची ती एवढ्यासाठी. आठळीची वरची चिवट साल आणि आतली तांबूस साल दोन्ही काढा, नाहीतर त्या सालीचाच रंग अर्कात उतरतो आणि रीडिंग फुगतं.

आता मुख्य सापळा. तुम्ही ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्क काढाल, स्पेक्ट्रोवर (अर्क किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) ५०० नॅनोमीटरच्या तरंगलांबीला रीडिंग घ्याल आणि आकडा वाढला की खूश व्हाल. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांचेच पाय इथे अडकले, माझेही. हा आकडा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकातच दाखवतो, किंवा खरं म्हणजे झाकतो.

पहिली गोष्ट रसायनाची. मोनॅस्कसची रंगद्रव्यं तीन गटांत येतात: पिवळी ४०० च्या आसपास, नारिंगी ४७० च्या आसपास, लाल ५०० ते ५१० ला. नारिंगी रंगद्रव्याची अमोनिया किंवा अमिनो आम्लाशी गाठ पडली की ते लाल होतं. म्हणजे माध्यमात मोनोसोडियम ग्लुटामेट (एका अमिनो आम्लाचं मीठ) घातलं आणि ५०० चं रीडिंग चढलं, तर बुरशीने जास्त रंग बनवला असं लगेच म्हणता येत नाही. होता तोच नारिंगी लाल झाला असेल. पीएच वाढला तरी पारडं लालकडे झुकतं. म्हणून एकाच तरंगलांबीवरचं रीडिंग घेऊ नका, ३८० ते ६०० पर्यंत पूर्ण स्कॅन काढा आणि पिवळा, नारिंगी, लाल हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. एक ग्रॅम सुक्या मालामागे लिहा. ओल्या मालावरचे आकडे कोकणातल्या दमट हवेत रोज बदलतात, तुलना होत नाही.

दुसरी गोष्ट विषाची, आणि हीच सगळ्यात मोठी आहे. मोनॅस्कसचे बरेच स्ट्रेन (वाण) रंगाबरोबर सिट्रिनिन बनवतात. ते मूत्रपिंडाला घातक आहे. मोनॅस्कसमधला 'मोनॅसिडिन ए' म्हणून ओळखला जाणारा पदार्थ म्हणजेच सिट्रिनिन, हे १९९५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं. रंग आणि सिट्रिनिन दोन्ही बुरशीच्या आत एकाच प्रकारच्या रासायनिक मार्गाने, पॉलिकेटाइड मार्गानेच बनतात, त्यामुळे रंग वाढवायला तुम्ही नायट्रोजनचा स्रोत किंवा पीएच हलवलात की सिट्रिनिनही हलतं, आणि कुठल्या दिशेने ते डोळ्यांना कळत नाही. स्पेक्ट्रोलाही कळत नाही. टीएलसीच्या (पातळ थरावर मिश्रणातले पदार्थ वेगळे करायच्या) प्लेटवर यूव्हीखाली ते पिवळं चमकतं खरं, पण मोनॅस्कसचे पिवळे रंगही चमकतात. शेजारी शुद्ध स्टँडर्डचा ठिपका नसेल तर त्या प्लेटवरून काहीच ठरवू नका, आणि असला तरी तो फक्त प्राथमिक अंदाज समजा. खरं उत्तर फ्लुओरेसन्स डिटेक्टर लावलेल्या एचपीएलसीवर किंवा एलसी-एमएसवर, म्हणजे पदार्थ वेगळे करून अचूक मोजणाऱ्या यंत्रांवर मिळतं. युरोपने लाल तांदळाच्या (मोनॅस्कस वाढवलेल्या भाताच्या) पूरक आहारातली सिट्रिनिनची मर्यादा किलोमागे २००० मायक्रोग्रॅमवरून २०२० मध्ये १०० वर आणली. म्हणजे एका किलोत ०.१ मिलिग्रॅम. एवढं बारीक मोजायचं आहे.

तिसरी गोष्ट पावसाळ्यात शिरणाऱ्या परक्या बुरशीची, तीही त्या आकड्यात दिसत नाही. जपानमध्ये २०२४ च्या मार्चमध्ये एका कंपनीला लाल तांदळाच्या गोळ्या बाजारातून परत बोलवाव्या लागल्या. त्या घेणाऱ्या अनेकांना मूत्रपिंडाचा त्रास झाला होता. त्यांचा स्ट्रेन सिट्रिनिन न बनवणारा होता. चौकशीत बोट दाखवलं गेलं ते प्युबेरुलिक आम्लाकडे, आणि ते आलं होतं कारखान्यात शिरलेल्या निळ्या बुरशीतून, म्हणजे पेनिसिलियममधून. इतक्या मोठ्या कारखान्यात ती शिरली. आपल्याकडे जुलैत लॅबच्या छताला, चपलांना, कपाटातल्या वह्यांनाही बुरशी धरते. फ्लास्कमध्ये तिची पहिली खूण बहुतेक वेळा कापसाच्या बोळ्याखाली, काचेच्या मानेपाशी दिसते: राखाडी-हिरवट, पिठासारखी भुकटी. भातात मात्र लालाखाली ती दिसतही नाही.

म्हणून प्रत्येक बॅचला हे करा, वेळ नसला तरी करा. इनॉक्युलम न घातलेला एक फ्लास्क त्याच इन्क्युबेटरमध्ये (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत) ठेवा. तो आठवडाभर स्वच्छ राहिला तरच तुमच्या निर्जंतुकीकरणावर विश्वास ठेवा. तयार मालातले चार-पाच दाणे पीडीएवर (बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या माध्यमावर) टाका आणि काय काय उगवतं ते बघा. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूची (बुरशी निळी रंगवणाऱ्या द्रावणाची) स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेनिसिलियमची ब्रशसारखी स्पोअरची रचना एकदा ओळखता आली की पुन्हा चुकत नाही. कापसाचा बोळा दमट झाला तर तो फ्लास्क बाद. वीज जाऊन इन्क्युबेटर बंद राहिला तर किती वेळ ते वहीत लिहा.

सिट्रिनिनसाठी सँपल मुंबई-पुण्याच्या एनएबीएल मान्यताप्राप्त (चाचणीचा दर्जा तपासलेल्या) प्रयोगशाळेत पाठवावं लागेल. ओला माल कधीच पाठवू नका, वाटेत बुरशी वाढतच राहते. ५०-६० अंशांवर पूर्ण वाळवा, दळा, हवाबंद करा, मगच द्या. चाचणी महाग आहे, विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे, हे मला माहीत आहे. वीस बॅच करून एकही न तपासण्यापेक्षा चार बॅच करा आणि चारही तपासा. गाइडना हे पहिल्याच महिन्यात सांगा, म्हणजे पैशांची सोय वेळेत होते.

गाइडवरून आठवलं. ज्यांच्या नावावर ढीगभर पेपर आहेत पण जे तुमची वही कधी उघडत नाहीत, त्यांच्यापेक्षा दर शनिवारी वही मागणारे शिक्षक शंभर पटींनी बरे. आणि ऑटोक्लेव्ह सांभाळणाऱ्या काकांशी नीट बोला. कुठल्या दिवशी गॅस्केट गळतं, प्रेशर कधी खोटं दाखवतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

आडवाटा दोन आहेत, दोन्ही टाळा. ऑनलाइन लाल तांदूळ मागवून त्यातून स्ट्रेन वेगळा करायचा, ही एक. तुम्हाला काय मिळालं ते तुम्हालाच कळणार नाही. पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएमकडून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीकडून, म्हणजे सूक्ष्मजीवांचे साठे ठेवणाऱ्या संस्थांकडून, कल्चर (शुद्ध बुरशी) रीतसर घ्या. दुसरी, शहरातल्या सेंटरमधून तयार प्रोजेक्ट विकत घ्यायचा. त्यात आलेख सुंदर असतात आणि व्हायवाला तुम्ही उघडे पडता. कल्चर आलं की लगेच ग्लिसरॉलमध्ये स्टॉक करून खोल थंडीत ठेवा. स्लँटवरून स्लँटवर (तिरक्या माध्यमाच्या एका नळीतून दुसरीत) नेत राहिलात तर मोनॅस्कस रंग बनवणं सोडतो, कॉलनीत पांढरे पट्टे येतात, आणि तुम्ही माध्यमाला दोष देत बसता.

आता नोकरीचं, स्पष्टच सांगते. मोनॅस्कसचा रंग आपल्याकडे एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) २०११ च्या नियमांतल्या नैसर्गिक रंगांच्या यादीत नाही. त्या यादीत बीटा-कॅरोटिन, क्लोरोफिल, रायबोफ्लेविन, कॅरॅमल, अन्नाटो, केशर, हळदीचं कर्क्युमिन अशी नावं आहेत. यादीबाहेरचा घटक आणायचा तर २०१७ च्या नियमांखाली वेगळी परवानगी लागते. तेव्हा घरी लाल तांदूळ करून आंबापोळीत किंवा सरबतात घालून विकायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आजच काढा. कोकमाच्या सरबतात तर तो चालणारही नाही. आम्लात मोनॅस्कसचा लाल खाली बसतो. कोकमाचा रंग आम्लात खुलतो, ह्याचा तटस्थ पीएचला टिकतो. चीन-जपानमध्ये तो मांस-माशांच्या पदार्थांत वापरतात ते उगाच नाही.

ह्याने निराश होऊ नका. यादीतल्या रायबोफ्लेविनचं मोठं उत्पादन अ‍ॅश्बिया गॉसिपाय ह्या बुरशीतूनही होतं, आणि बीटा-कॅरोटिन ब्लेकस्लिया ट्रायस्पोरामधून काढतात. ब्लेकस्लिया ह्या बुरशीचे प्लस आणि मायनस (नर-मादीसारखे जोडीचे) स्ट्रेन एकत्र वाढवले की ट्रायस्पोरिक आम्ल तयार होतं आणि त्यामुळे कॅरोटिन चढतं. हे काम भातावर होत नाही, फर्मेंटरमध्ये (हवा आणि ढवळणं नियंत्रित करणाऱ्या टाकीत) द्रव माध्यमात होतं. म्हणून भातावरचं काम आटोपलं की निदान एक महिना कुठेतरी फर्मेंटरवर उभं राहायला मिळेल असं बघा. घट्ट होत जाणारं द्रव माध्यम, घसरणारा विरघळलेला ऑक्सिजन, फेस हे हाताळलेल्याला नोकरीत विचारतात. सिट्रिनिन नसलेला लाल हवा म्हणून टॅलॅरोमायसिस अ‍ॅट्रोरोझिअस ह्या दुसऱ्या बुरशीवर डेन्मार्कमध्ये काम चाललंय, तेही वाचून ठेवा.

मुलाखतीला जाताना लाल फ्लास्कचे फोटो नेऊ नका, ते सगळ्यांकडे असतात. सिट्रिनिनचा क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख), तिन्ही तरंगलांबींचा तक्ता आणि इनॉक्युलम न घातलेल्या फ्लास्कची नोंद एवढं फाइलमध्ये वर ठेवा. बॅच बाद केली असेल तर ते पानही काढू नका; का बाद केली हे ते विचारतील आणि तुम्हाला सांगता येईल.