जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकायच्या आधी काय काय बघायचं

कार्ड कोणतं घेऊ हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, पण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, रात्र रात्र बेंचमार्कचे व्हिडिओ बघतात आणि कार्ड घरी आल्यावर कळतं की एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) आठ पिनची वायरच नाहीये. म्हणून ही यादी उलट्या बाजूने लिहितोय, आधी कॅबिनेट उघडायचं मग बाकी सगळं. डोळ्यासमोर पीसी कुठला ठेवलाय तर घरोघरी सापडतो तोच, चौथ्या जनरेशनचा आय५, एकाच काडीत आठ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस. तुमच्याकडे रायझन ५ २६०० आणि बी४५० बोर्ड असेल तर तुम्ही बरेच सुखी आहात, का ते पुढे येतंय.

पहिलं काम एसएमपीएसचं स्टिकर वाचायचं. साईडची पत्री काढा, टॉर्च मारा आणि "४५० वॉट" असं जे मोठ्या अक्षरात छापलंय त्याकडे सरळ दुर्लक्ष करा. खाली छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं, कारण सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः तिथूनच खातात. समजा तिथे १६ अँपिअर आहे, म्हणजे १२ गुणिले १६, झाले १९२ वॉट, बस्स. आता चौथ्या जनरेशनच्या साध्या आय५चे ८४ वॉट धरा, आरटीएक्स ३०६०चे १७० धरा, बेरीज २५४. आरएक्स ६६०० कमी खातं, १३२, तरी बेरीज २१६ होतेच. म्हणजे ४५०चा डबा असूनही दोन्ही कार्डं बाद! आणि हे १९२ सुद्धा कंपनी खरं बोलतेय असं धरून. त्या एसएमपीएसवर बिनघोर चालेल असं नवं कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीवालं, ७० वॉटचं, ते पॉवर स्लॉटमधूनच घेतं, एक्स्ट्रा वायर लागत नाही (काही मॉडेलना असते, फोटो बघून घ्या).

त्यामुळे माझं स्पष्ट मत असंय की बजेटमधले पहिले पैसे एसएमपीएसला काढून ठेवायचे. बऱ्या कंपनीचा ५५० वॉटचा ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घ्या, त्यात १२ व्होल्टला ४० च्या पुढे अँपिअर मिळतात आणि पुढच्या पीसीतही तोच चालतो. दुकानदार म्हणेल कशाला खर्च, साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरला कन्व्हर्टर लावून देतो. नको म्हणायचं. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टची मर्यादा ५४ वॉट आणि सहा पिनवरून कार्ड ७५ पर्यंत मागतं, तो कन्व्हर्टर वितळल्याचे फोटो हवे तेवढे सापडतील. अजून एक, कंपनीचा रिफर्बिश्ड पीसी असेल, ऑफिसातून निघालेला वगैरे, तर एसएमपीएस बदलणंही सोपं नसतं, बऱ्याचदा बोर्डला जाणारी पिनच वेगळी असते आणि बारका कॅबिनेट असेल तर लो प्रोफाईल कार्डच बसतं. तिथे ३०५० सहा जीबीच्या पुढे स्वप्नं बघू नका.

एसएमपीएस बघताय तर यूपीएस पण बघा, हे परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांच्याकडे लाईट जात नाही. आपल्याकडे सहसा ६०० व्हीए असतो, म्हणजे साधारण ३६० वॉट, त्यावर मॉनिटर आणि राऊटर पण लटकलेले. गेम चालू असताना लाईट गेली आणि बॅटरी तीन वर्षं जुनी असली की यूपीएस एक लांब टूं करणार आणि सगळं बंद. ११०० व्हीएचा घ्या, नाहीतर निदान बॅटरी बदला.

आता सीपीयू. बॉटलनेक कॅल्क्युलेटर नावाच्या (सीपीयू आणि कार्डात कोण कमी पडतं ते सांगणाऱ्या) ज्या वेबसाईट आहेत त्यांच्या टक्केवारीला काही अर्थ नाही, घरीच टेस्ट करा. तुम्ही जो गेम खरंच खेळता तो लावा, आफ्टरबर्नर नावाच्या टूलमध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि जीपीयू युसेज (कार्ड किती टक्के कामात आहे) स्क्रीनवर दिसेल असं करा, मग रिझोल्युशन उतरवून ७२० वर आणा. एफपीएस दणक्यात वाढले तर कार्ड कमी पडत होतं, नवं कार्ड घेण्यात फायदा आहे. एफपीएस जागचे हललेच नाहीत आणि जीपीयू युसेज साठ-सत्तरवर लोळतोय तर अडचण सीपीयूची आहे, मग कुठलंही कार्ड आणा, फार तर ग्राफिक्स सेटिंग वर जाईल, अडकणं तसंच राहील. चार कोर चार थ्रेडचा (म्हणजे एका वेळी चारच कामं करणारा) आय५ नव्या गेममध्ये इथेच दम सोडतो. त्याच बोर्डवर सेकंडहँड आय७ ४७७० किंवा ४७९० बसतो, आठ थ्रेड मिळतात, पण त्यासाठी विक्रेते जो भाव सांगतात तो ऐकून कधी कधी हसू येतं. बी४५०वाल्यांचं सुख ते हेच, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि त्याच बोर्डात रायझन ५ ५६०० टाका, दहा वर्षं जुन्या इंटेलवाल्याला ही सोय नाही. अपडेट मात्र जुना सीपीयू काढायच्या आधी करायचं!

रॅम एकच काडी असेल तर तशीच दुसरी आणा. ड्युअल चॅनेल (दोन्ही काड्या एकदम कामाला) झाल्यावर गेम मधेमधे अडकायचं प्रमाण बरंच कमी होतं आणि डीडीआर३ सेकंडहँड स्वस्तात मिळते. गेम अजून हार्ड डिस्कवर असतील तर आधी एसएसडी, यावर चर्चा नको.

मग स्लॉट. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, ५०६० ही कार्डं दिसायला पूर्ण लांबीची पण लेन (बोर्डाशी डेटा ने-आण करायचे रस्ते) सोळापैकी वापरतात आठच. नव्या बोर्डवर काही फरक पडत नाही, पण चौथ्या जनरेशनचा इंटेल काय किंवा बी४५० काय, दोन्हीकडे फार तर पीसीआय एक्सप्रेस ३ आहे, तिथे थोडं नुकसान होतं, आणि कार्डाची आठ जीबी मेमरी भरून सांडायला लागली की मग चांगलंच जाणवतं कारण डेटा त्याच अरुंद रस्त्याने रॅममधून आणावा लागतो. जुन्या बोर्डवर म्हणूनच मला ३०६०चं १२ जीबी आवडतं, सोळा लेन आहेत आणि मेमरी भरपूर. सावध एवढ्यासाठी की त्याच नावाने आठ जीबीवालं पण येतं, ते हळू आहे, बॉक्स नीट वाचा. नवंच घ्यायचं आणि बजेट वर जात असेल तर आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबी, त्यातही सोळा लेन. इंटेलचं बी५८० कागदावर फार मोहात पाडतं, बारा जीबी वगैरे, पण त्याला रिसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या सीपीयूवर त्याचा ड्रायव्हर जास्त ओझं टाकतो, आपल्या या आय५साठी ते नाहीच. आणि आरएक्स ६५०० एक्सटी कोणी फुकट दिलं तरच घ्या, चार जीबी, चार लेन, व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंग, स्ट्रीमिंगला लागतो तो) पण नाही.

मॉनिटरकडे एकदा बघा. मागे फक्त व्हीजीएचं निळं पोर्ट असेल तर नव्या कार्डाला ते थेट लागत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. आणि १६०० बाय ९००, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ९०६० एक्सटी लावून करणार काय? तेच पैसे थोडे वाटून घ्या, स्वस्त कार्ड आणि १०८०पीचा १०० हर्ट्झ मॉनिटर, डोळ्यांना फरक जास्त दिसेल.

टेप घेऊन कॅबिनेट मोजा, मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. आकडा २३० मिलिमीटर आला तर तीन पंख्यांची कार्डं विसरा, दोन पंख्यांचं छोटं मॉडेल शोधा. पुढून हवा आत घ्यायला एक फॅन तरी हवाच, मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते.

बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय) चालू आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल तर नवं कार्ड लावल्यावर काळी स्क्रीन यायची शक्यता असते. आणि नुसतं सीएसएम बंद केलं तर विंडोज उठत नाही. विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, आधी बॅकअप, मग ते चालवा, मग सीएसएम बंद. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय आणि चौथ्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हेही बजेट ठरवताना डोक्यात असू द्या.

सेकंडहँड घेणार असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाईन ओळखीतून, चालू पीसीत लावून दाखव म्हणायचं. वीस मिनिटं गेम किंवा फरमार्क (कार्डावर ताण देणारं टूल), सगळी पोर्टं एकेक लावून, आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं टूल) उघडून नाव, मेमरी, शेडरचा (कार्डातल्या छोट्या गणित करणाऱ्या युनिटांचा) आकडा. स्वस्तातलं आरएक्स ५८० बऱ्याचदा २०४८ शेडरवालं निघतं, खऱ्यात २३०४ असतात. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं (क्रिप्टो चलनाचं) मायनिंग संपलं, त्याआधीची बरीच कार्डं रात्रंदिवस राबलेली आहेत, ती सरसकट वाईट नसतात पण पंखे आणि मेमरी तपासायलाच हवी. जीटीएक्स १०७०, १०८० आता टाळाच. २०२५च्या ऑक्टोबरनंतर एनव्हिडियाने १० सिरीजला नवे गेम रेडी ड्रायव्हर देणं थांबवलंय, शिवाय काही नवे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्यांचा हिशोब करणारं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. नवं घेताना जीएसटी बिल घ्या आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की सिरियल नंबरवरून ते दुकानातच विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

लावायच्या दिवशी फार काही नाही. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या टूलने काढा, बटण बंद, प्लग काढा, स्लॉटच्या टोकाची क्लिप दाबून जुनं कार्ड सोडवा (ती क्लिप जुन्या बोर्डवर कडक झालेली असते, ओढाताण नको), नवं बसवा, दोन्ही स्क्रू लावा, आठ पिनची वायर टक आवाज येईपर्यंत आत. मॉनिटरची केबल कार्डला लावायची, बोर्डला नाही, हसू नका, निम्मे "डिस्प्ले येत नाही"चे फोन याचेच असतात. जुनं कार्ड मात्र रिटर्नची मुदत संपेपर्यंत विकायचं नाही, विशेषतः रायझन २६००वाल्यांनी, कारण त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नाही, नवं कार्ड परत पाठवलंत तर बायोस बघायला सुद्धा तेच लागणार.