माणूस गेल्यावर त्या दुःखाशी कसं वागायचं

बाबा गेले त्याला तीन वर्षं होतील आता, पण त्यांचा चष्मा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, डावी काडी निसटायची म्हणून त्यांनीच गुंडाळलेल्या दोऱ्यासकट. सगळे सांगायचे की वस्तू नजरेसमोर ठेवू नकोस, विसर आता. विसरायच्या त्या धडपडीतच मी जास्त दमले. म्हणून आधी हेच सांगते, विसरायची घाई करू नका.

दुःखाचे ते पाच टप्पे, नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार, तुम्हीही ऐकले असतील. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले, पण मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना टाइमटेबल म्हणून नाही. त्यामुळे मला अजून राग का येतोय, मी कुठे अडकले, असं स्वतःला तपासत बसू नका. मला श्ट्रोबे आणि शुट या दुःखावर संशोधन करणाऱ्या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेलं जास्त पटतं, की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात सारखी ये-जा करत असतो, सकाळी ढसाढसा रडलात आणि दुपारी कशावर तरी हसलात तर त्यात काही चूक नाही, प्रेम कमी होतं असं तर अजिबात नाही.

निरोप घ्यायचा राहून गेला असेल तर पत्र लिहा, हातानेच. आठवणींनी सुरुवात केलीत तरी जे बोलायचं राहिलं तिथपर्यंत जा, रागसुद्धा लिहा, माफीसुद्धा. त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता आणि कामात होते म्हणून मी उचलला नाही, ही एक ओळ लिहायला मला चार दिवस लागले. लिहून झाल्यावर एकटं बसून मोठ्याने वाचलं तेव्हा पहिल्यांदा मोकळं वाटलं.

त्यांचे व्हॉइस मेसेज आजच दुसरीकडे सेव्ह करा, फोन बदलताना जातात ते. कपडे, वस्तू आवरायचं मात्र सावकाश.

आणि वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तेवढीच तीव्र ओढ लागत असेल, कामं होत नसतील, तर काउन्सेलरकडे किंवा डॉक्टरकडे जा. असं लांबलेलं दुःख हे डॉक्टरी निदान म्हणून आता मान्य आहे आणि त्यावर उपचारही आहेत. जगूच नये असं वाटायला लागलं तर वर्षाची वाट बघायची नाही, त्याच क्षणी कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका.

शेवटचं म्हणजे त्यांचं एखादं छोटं काम आपल्याकडे घ्या. बाबा रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, ते आता मी सोडवते, पेन्सिलने, त्यांच्यासारखंच, आणि अडलं की अजूनही तोंडातून निघतं, "बाबा, चार अक्षरी, शेवटी र".